सरपणाच्या खोलीतला प्रोजेक्ट

मेसमधलं भाताचं पातेलं पाहून कुणाच्या मनात आदर वगैरे दाटून येत नाही. गावाकडे त्याला 'जर्मन'चं भांडं म्हणतात आणि तांब्या-पितळेच्या शेजारी त्याला काही किंमत नसते. पण मित्रांनो, १८८४ साली वॉशिंग्टन स्मारकाच्या अगदी टोकावर मानानं जी टोपी बसवली ती याच अ‍ॅल्युमिनियमची होती. वजन तीन किलोच्या आत, आणि भाव जवळपास चांदीचा! हा धातू दागिन्यांच्या दुकानातून आपल्या मेसमध्ये आला, त्यामागे एका कॉलेजच्या पोराचा प्रोजेक्ट आहे.

चार्ल्स मार्टिन हॉल. जन्म ६ डिसेंबर १८६३, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे घरात पुस्तकं भरपूर आणि पैसा बेताचा. वडिलांचं रसायनशास्त्राचं एक जुनं पुस्तक हाती लागलं आणि पोरगं बिघडलं ते बिघडलंच. १८८० मध्ये तो गावातल्याच ओबर्लिन कॉलेजात दाखल झाला. नेमके त्याच वर्षी तिथे रसायनशास्त्र शिकवायला आले फ्रँक ज्युएट.

या ज्युएट सरांबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते जर्मनीत गटिंगेनला शिकले होते आणि १८२७ मध्ये अ‍ॅल्युमिनियम वेगळं काढणाऱ्या वोलरना तिथे भेटले होते. पुढे चार वर्षं टोकियोत शिकवून ते ओबर्लिनला आले. त्यांच्याजवळ अ‍ॅल्युमिनियमचा एक तुकडा होता. तो वर्गात दाखवून त्यांनी सांगितलं, की हा धातू मातीत खच्चून भरलाय, पण तो स्वस्तात काढायची रीत कुणालाच सापडलेली नाही. जो शोधेल तो जगाचं भलं करील आणि स्वतःही श्रीमंत होईल. तो माणूस मीच होणार, असं चार्ल्स शेजारच्या मुलाच्या कानात पुटपुटला म्हणतात. अशा गोष्टी माणूस मोठा झाल्यावरच आठवतात, हे सोडून द्या. पण त्यानंतर त्यानं तो विषय सोडला नाही हे मात्र खरं.

सरांनी काय केलं? उत्तर दिलं नाही, कारण ते त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी प्रयोगशाळेत जागा दिली, सामान दिलं, बॅटऱ्या दिल्या आणि कुणी काय करून कुठे फसलंय ते सांगितलं. गाईडनं एवढं केलं तरी पुष्कळ झालं. (आपल्याकडे मागच्या बॅचचा रिपोर्ट झेरॉक्स करून टायटल बदललं की बीईचा प्रोजेक्ट उभा राहतो. असो.)

१८८५ मध्ये चार्ल्स पदवीधर झाला, पण प्रोजेक्ट अर्धाच होता. सबमिशन झाल्यावर कोण प्रोजेक्टकडे वळून बघतं? यानं मात्र घरच्या स्वयंपाकघरालगतच्या सरपणाच्या खोलीत भट्टी मांडली. थोरली बहीण ज्युलियासुद्धा ओबर्लिनची पदवीधर, रसायनशास्त्र शिकलेली. त्या वर्षी आई वारली होती. घर सांभाळता सांभाळता ज्युलिया या भट्टीवरही लक्ष ठेवून असे.

अडचण अशी होती. अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, वितळायला दोन हजार अंशांच्या वर तापमान लागतं. पाण्यात विरघळवून वीज सोडावी तर धातू मिळतच नाही, हायड्रॉक्साइडचा चिखल हाती येतो. मग त्यानं दुसऱ्या क्षारांच्या रसात अ‍ॅल्युमिना विरघळवायचा नाद धरला. एकामागून एक क्षार नापास झाले. फेब्रुवारी १८८६ मध्ये क्रायोलाइट जमलं. ते साधारण हजार अंशांना वितळतं आणि त्यात अ‍ॅल्युमिना साखरेसारखा विरघळतो. वीज तरी कुठली? घरात बटण दाबायची सोय नव्हती. जस्ताच्या पट्ट्या आणि नायट्रिक अ‍ॅसिड घेऊन त्यानं बॅटऱ्याही स्वतःच केल्या.

पहिल्या प्रयत्नात धातू आलाच नाही, कांडीवर भलताच करडा थर बसला. त्यानं विचार केला: रस ज्या मातीच्या मुशीत आहे त्या मुशीतलं सिलिका विरघळून सगळा घोळ करत असणार. म्हणून मुशीला आतून कार्बनचं अस्तर दिलं. माझ्या मते खरं इंजिनिअरिंग इथे आहे. क्रायोलाइटची निवड कदाचित नशिबानं जमली असेल, पण चूक नेमकी कुठून आली हे ओळखणं नशिबानं होत नाही. २३ फेब्रुवारी १८८६ ला मूस थंड करून फोडली तेव्हा आत छोटे चकचकीत गोळे निघाले. वय बावीस. गोळे घेऊन तो थेट सरांकडे गेला.

आता खरी गंमत. फ्रान्समध्ये पॉल एरू नावाच्या त्याच्याच वयाच्या तरुणानं स्वतंत्रपणे हीच रीत शोधली आणि एप्रिलमध्ये पेटंटचा अर्जही टाकला. हॉलचा अर्ज गेला ९ जुलैला. म्हणजे गेलं? पण अमेरिकेत तेव्हा आधी अर्ज कुणी केला यापेक्षा आधी शोध कुणी लावला ते बघत. हॉलनं भावाला लिहिलेली तारीखवार पत्रं होती आणि ज्युलियाची साक्ष होती. काय केव्हा झालं ते तिनं व्यवस्थित लिहून दिलं. त्या तारखांवर अमेरिकेतला हक्क टिकला आणि २ एप्रिल १८८९ ला पेटंट मिळालं. त्यावर नाव एकट्या चार्ल्सचं. ज्युलियाचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आपण जर्नलवर तारखा शेवटच्या रात्री टाकतो, तेव्हा निदान हे आठवावं.

पैसा सहज आला नाही. एका कंपनीनं वर्षभर प्रयोग करून घेतले आणि हात वर केले. शेवटी १८८८ मध्ये पिट्सबर्गला आल्फ्रेड हंट वगैरे मंडळींनी भांडवल घातलं. पुढे हीच कंपनी अल्कोआ झाली. काही वर्षांतच पौंडाचा भाव डॉलरच्या खाली उतरला. १८९५ मध्ये नायगाऱ्याची वीज मिळाली आणि मग उत्पादन थांबलंच नाही. आजही जगभर अ‍ॅल्युमिनियम मुख्यतः हॉल-एरू पद्धतीनंच बनतं.

१९११ मध्ये त्याला पर्किन पदक मिळालं. लग्न केलं नाही. २७ डिसेंबर १९१४ ला तो गेला. एरूही त्याच वर्षी मे महिन्यात गेला होता. दोघांचं जन्मवर्षही एकच, १८६३. हॉलनं संपत्तीचा तिसरा हिस्सा ओबर्लिनला ठेवला. त्याचा पुतळा तिथल्या कॉलेजात आहे, अर्थातच अ‍ॅल्युमिनियमचा. आणि त्या सरपणाच्या खोलीतले पहिले गोळे कंपनीनं दागिन्यांसारखे जपून ठेवले.