खंगर विटांमधून हलकं काँक्रीट शोधणारा वीटवाला : स्टीफन हेडे

दिवाळी सरली की टिटवाळा, खडवली आणि पुढं भिवंडी-मुरबाडच्या पट्ट्यात वीटभट्ट्या पेटतात. भट्टी फोडली की चांगल्या विटा ट्रकमध्ये जातात आणि एका कोपऱ्यात काळ्या, वेड्यावाकड्या विटांचा ढीग उरतो. जास्त आच लागून बिघडलेल्या या विटा म्हणजे खंगर. खड्डा बुजवायला किंवा पायाखाली भर घालायला त्या वापरतात. भिंतीत त्यांना कुणी घेत नाही, म्हणजे भट्टीवाल्याचं ते सरळ नुकसान.

शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एका वीटवाल्याचं असंच नुकसान होत होतं. त्याचं नाव स्टीफन हेडे. विटा पाडणं आणि बांधकामाची कंत्राटं घेणं हा त्याचा धंदा. तिकडं विटा शेल नावाच्या खडकापासूनही बनवतात. शेल म्हणजे लाखो वर्षं थरावर थर साचून दगड झालेला चिखल. तो दळून, भिजवून, साच्यात घालून भाजायचा. पण भट्टी भराभर तापली की काही विटा पावासारख्या फुगायच्या आणि त्यांचा आकार जायचा.

इतर भट्टीवाल्यांसाठी हा विषय इथंच संपायचा. हेडेनं मात्र फुगलेली वीट हातात घेऊन तिचं वजन बघितलं. वीट हलकी होती, पण ठिसूळ नव्हती. आतून जाळीदार आणि बाहेरून काचेसारखी टणक. फेकून द्यायचा हा माल फोडून काँक्रीटमध्ये खडी म्हणून घातला तर?

1908 च्या सुमारास त्यानं प्रयोग सुरू केले आणि पुढची जवळपास दहा वर्षं त्यात गेली. विटा चुकून फुगतात, पण त्या हव्या तशा आणि दरवेळी सारख्याच फुगवायच्या कशा, ही खरी अडचण होती. शेल साधारण 1100 ते 1200 अंशांना मऊ पडतो. नेमकं त्याच वेळी त्यातल्या खनिजांपासून वायू सुटायला हवेत. वायू आधी सुटले तर ते निसटून जातात आणि दगड दगडच राहतो. आच जास्त झाली तर सगळा माल वितळून एकमेकांना चिकटतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमल्या की बुडबुडे आत अडकतात आणि खडा दीडपट-दुप्पट होतो. घरात पापड तळणाऱ्या कुणालाही हे गणित समजेल.

यासाठी हेडेनं सिमेंट कारखान्यात असते तशी फिरती भट्टी वापरली. म्हणजे किंचित तिरका ठेवलेला, सावकाश फिरणारा लांबलचक लोखंडी नळ. वरच्या तोंडातून शेलचे खडे आत जातात, खालच्या बाजूनं ज्वाळा येते आणि खडे लोळत लोळत फुगून बाहेर पडतात. फेब्रुवारी 1918 मध्ये त्याला या पद्धतीचं पेटंट मिळालं. मालाचं नाव पडलं हेडाइट.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जहाजांसाठी पोलाद पुरत नव्हतं. अमेरिकी सरकारनं काँक्रीटची जहाजं बांधायचं ठरवलं. काँक्रीटचं जहाज तरंगतं, त्यात जादू नाही. पण ते स्वतःच इतकं जड असतं की मालासाठी वजनाची जागा कमी उरते. हलकी खडी मिळाली तर हा हिशोब बसणार होता. हेडेच्या हातात ताजं पेटंट होतं आणि समोर सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यानं सरकारला हे तंत्र एक पैसाही स्वामित्वधन न घेता वापरू दिलं. दहा वर्षं खिशातून खर्च करणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

यातलं सगळ्यात गाजलेलं जहाज म्हणजे अलाबामातल्या मोबिल इथं बांधलेलं तेलवाहू 'सेल्मा'. लांबी सुमारे 130 मीटर. तळाची काँक्रीटची जाडी फक्त पाच इंच, बाजूंची चार इंच. ते पाण्यात उतरलं 28 जून 1919 ला, म्हणजे व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या त्याच दिवशी. युद्धासाठी बांधलेलं जहाज युद्ध मिटल्यावर तयार झालं होतं. योजना 24 जहाजांची होती, त्यातली 12 च पुरी झाली. मे 1920 मध्ये मेक्सिकोच्या टॅम्पिको बंदरात सेल्मा धक्क्याच्या बांधावर आदळलं आणि त्याला सुमारे 18 मीटरचं भगदाड पडलं. दुरुस्ती जमेना, गिऱ्हाईक मिळेना. शेवटी 1922 मध्ये टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनजवळ खास चर खणून ते त्यात बसवण्यात आलं.

जहाजं फसली तरी हेडाइट तगलं. 1920 मध्ये कॅन्सस सिटीत कारखाना सुरू झाला आणि पुढं तिथल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत हा माल वापरला गेला. बिल्डर लोकांचे डोळे उघडले ते मात्र 1928-29 मध्ये. शहरातल्या टेलिफोन कंपनीची 14 मजली इमारत वाढवायची होती. साधं काँक्रीट वापरलं तर जुना पाया आणखी आठच मजले पेलणार होता. हेडाइट वापरलं तर चौदा. म्हणजे पायाला हात न लावता सहा मजले जास्त! इमारत 28 मजल्यांची झाली. भाव वाढलेल्या जागेवर सहा मजले म्हणजे काय, हे टिटवाळ्यात वन बीएचके शोधणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कारण साधं आहे. साध्या काँक्रीटचा एक घनमीटर साधारण 2400 किलो भरतो, फुगवलेल्या शेलचा 1800 च्या आसपास. स्लॅब हलका झाला की बीम, कॉलम आणि पायावरचा भार उतरतो आणि सळई वाचते. भाजायला इंधन लागत असल्यानं ही खडी साध्या खडीपेक्षा महाग पडते, त्यामुळं एकमजली घरात तिचा उपयोग नाही. उंच इमारत किंवा लांब पूल असेल तरच परवडते. 1936 मध्ये सुरू झालेल्या सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाच्या वरच्या रस्त्यासाठी हलकं काँक्रीट वापरलं ते यासाठीच. पेटंटची मुदत संपल्यावर तर अमेरिकेत ठिकठिकाणी असे कारखाने निघाले.

मग आपल्याकडं हे का दिसत नाही? कारण कल्याण-टिटवाळ्याखालचा खडक बेसॉल्ट आहे, थंड झालेला लाव्हा. त्याची खडी मजबूत, पण जड. शेलसाठी यवतमाळ-चंद्रपूरकडं जावं लागतं. शिवाय आपल्याकडं हलकेपणाची वाट दुसरीकडून आली. पुण्याच्या बी. जी. शिर्के यांनी स्वीडनचं सिपोरेक्सचं तंत्र आणलं. त्यात बुडबुडे आचेनं नाही, तर अॅल्युमिनियमच्या भुकटीतून सुटणाऱ्या वायूनं तयार होतात आणि ब्लॉक वाफेवर पक्का होतो. हा ब्लॉक भिंतीपुरता असतो. हेडेची खडी मात्र इमारतीचा सांगाडा उभा करते, एवढा दोन्हींत फरक.

सेल्मा आजही गॅल्व्हेस्टनच्या खाडीत अर्धं पाण्याबाहेर दिसतं. बऱ्याच वर्षांनी अभियंत्यांनी त्याचे नमुने काढून तपासले. सळईवर जेमतेम पाऊण इंचाहून कमी काँक्रीटचा थर होता, वर खारं पाणी, तरीही सळई फारशी गंजलेली नव्हती. काँक्रीट बांधलं तेव्हापेक्षा जास्त मजबूत झालं होतं.