सुताचा दोरा, तांब्याची तार : मायकेल फॅराडे
(द्वितीय वर्ष, कला)

गणपती जवळ आले की आमच्या गावच्या पेठेत मामांच्या दुकानासमोर अँप्लिफायरांची रांग लागते. काही दुरुस्तीला आलेले असतात, तर काही नव्याने बनवून घ्यायचे असतात. तयार माल बाजारात मिळत असूनही भजनी मंडळे आणि गल्लीतली पोरे मामांकडेच येतात, कारण मामा ट्रान्सफॉर्मर स्वतः वाइंड करतात. बॉबिन यंत्रावर चढवायचे, डाव्या हाताच्या चिमटीत इनॅमलची तार धरायची, उजव्या हाताने दांडा फिरवायचा आणि वेढे मोजायचे. गाभ्याचा मधला भाग नऊ चौरस सेंटिमीटरचा असेल, तर एका व्होल्टला साधारण पाच वेढे लागतात. म्हणजे २३० व्होल्टच्या प्रायमरीला ११५० वेढे आणि १२ व्होल्टच्या सेकंडरीला ६०. दर थरानंतर कागद घालायचा, शेवटी ई आणि आय आकाराच्या स्टॅम्पिंगच्या पत्र्या बसवायच्या आणि वार्निश द्यायचे. वेढे कमी पडले तर ट्रान्सफॉर्मर तापतो, गुणगुणतो आणि तो गुणगुणाट स्पीकरमधून भजनात येऊन बसतो.

मी दहा वर्षांचा असताना असाच एक तयार ट्रान्सफॉर्मर उचलून त्याच्या सेकंडरीला बॅटरी जोडली होती. दुसऱ्या बाजूला वीज येते का हे पाहायला प्रायमरीची दोन्ही टोके बोटांत धरली. काहीच आले नाही. कंटाळून बॅटरी काढली, आणि काढता क्षणी असा झटका बसला की मी स्टुलावरून खाली आलो. मामा पोट धरून हसले. बॅटरीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही हे त्यांना ठाऊक होते; पण का चालत नाही, आणि बॅटरी काढताना झटका का बसला, हे त्यांनाही सांगता आले नाही. त्याचे उत्तर मला कॉलेजच्या ग्रंथालयात, एका बुकबाइंडरच्या चरित्रात सापडले. त्या बुकबाइंडरचे नाव मायकेल फॅराडे.

मायकेल फॅराडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार होते. त्यांची प्रकृती नेहमीच नाजूक, त्यामुळे घरात ओढाताण कायमची. १८०१ सालच्या महागाईत लहान मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याला पुरवून खावा लागे, असे सांगतात. शाळेत लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशोब एवढेच पदरी पडले. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या कामाला लागला. पोराचा प्रामाणिकपणा पाहून रीबोने पुढच्याच वर्षी, म्हणजे १८०५ साली, कसलीही रक्कम न घेता त्याला बुकबाइंडिंगचा उमेदवार म्हणून ठेवून घेतले. ही उमेदवारी सात वर्षांची होती.

दुसऱ्यांची पुस्तके शिवता शिवता फॅराडे ती वाचूही लागले. बांधणीला आलेल्या विश्वकोशातील विजेवरचा लेख त्यांनी वाचला. जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्रावरील संवादरूप पुस्तक वाचले. वाचलेले खरे की खोटे हे पाहण्यासाठी चार पैसे वाचवून दुकानातच लहानसहान प्रयोग सुरू केले. मालकाने त्यांना हटकले नाही. कामावर पुस्तक उघडले म्हणून हाकलून देणारे मालक जगात थोडे नाहीत, त्यामुळे रीबोचे नाव मुद्दाम लक्षात ठेवावे असे मला वाटते.

१८१० साली टॅटम नावाच्या गृहस्थांची विज्ञानावरील व्याख्याने होऊ लागली. प्रत्येक व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. हा शिलिंग मायकेलला त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही वडिलांप्रमाणे लोहारच होता. घरातल्या एकाने घण मारायचा तेव्हा दुसऱ्याने ज्ञान ऐकायचे, ही गोष्ट आमच्यासारख्या घरांना नवी नाही. माझ्या प्रवेशाची फी वाइंडिंगच्या पैशांतून आली आहे.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने फॅराडेंना रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ. फॅराडेंनी त्यांची चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, आकृत्या काढल्या, सगळे सुवाच्य अक्षरात उतरवले आणि स्वतःच्या हातांनी बांधून ते पुस्तक डेव्हींकडे पाठवले. अर्जाला जोडायला प्रमाणपत्र नव्हते; होती ती एक बांधलेली वही. डेव्हींनी त्यांना भेटीस बोलावले खरे, पण बुकबाइंडिंग सोडू नये असाच सल्ला दिला. पुढे प्रयोगशाळेतल्या एका नोकराला भांडणापायी काढून टाकले गेले, आणि १ मार्च १८१३ रोजी त्या जागी फॅराडेंची नेमणूक झाली. राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या.

दार उघडले, पण उंबरठा आडवा आलाच. त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाली, तेव्हा फॅराडेंना मदतनीस म्हणून नेले. डेव्हींचा खासगी नोकर ऐनवेळी आला नाही, म्हणून त्याचेही काम फॅराडेंच्या गळ्यात पडले. डेव्हीबाई त्यांना नोकरासारखे वागवत व जेवायलाही नोकरांतच बसवू पाहत. दौरा सोडून परत जावे, असेही फॅराडेंच्या मनात येऊन गेले. पण याच प्रवासात त्यांना अँपिअर आणि वृद्ध व्होल्टा यांना पाहायला मिळाले. अपमान आणि शिक्षण एकाच पंगतीला वाढले गेले. १८१५ साली ते परतले.

१८२० साली डेन्मार्कमध्ये ओर्स्टेड यांना दिसले की, वाहत्या विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई वळते. पुढच्या वर्षी फॅराडेंनी वीज वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवून दाखवली. विजेच्या मोटारीचे मूळ ते हेच. मात्र हा शोध छापताना त्यांची एक चूक झाली. वुलस्टन आणि डेव्ही यांनी त्याच दिशेने आधी केलेल्या धडपडीचा उल्लेख त्यांनी केला नाही. चोरीचा आरोप झाला. चोरी नव्हती, पण घाई होती. १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी फॅराडेंचे नाव आले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत खुद्द डेव्ही होते. विरोध असूनही फॅराडे निवडून आले.

आता एक प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते, तर मग चुंबकत्वापासून वीज का होऊ नये? १८२५ व १८२८ साली त्यांनी प्रयोग केले, ते फसले. अखेर १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नरम लोखंडाचे एक कडे घेतले. बाहेरून सहा इंच व्यासाचे, पाऊण इंचाहून थोडे अधिक जाड. त्याच्या एका अर्ध्या भागावर चोवीस-चोवीस फुटांच्या तीन तारा गुंडाळल्या आणि दुसऱ्या भागावर दोन तुकड्यांत मिळून साठ फूट तार.

आज आपल्याला इनॅमल चढवलेली तार दुकानात किलोवर मिळते. फॅराडेंच्या हाती होती ती उघडी तांब्याची तार. उघड्या तारेचा एक वेढा दुसऱ्याला लागला की संपले! म्हणून त्यांनी वेढ्यांच्या मधून सुताचा दोरा घातला आणि प्रत्येक थरावर कॅलिकोचे कापड गुंडाळले. (या सुती कापडाचे नाव आपल्याकडील कालिकत बंदरावरून पडले आहे.) दोरा आणि कापड! सात वर्षे ज्या हातांनी हेच केले, ते हात इथे कामी आले, असे मला हे वाचताना वाटले. असे कडे गुंडाळायला बुद्धी लागते, पण त्याहून आधी बोटांना सवय असावी लागते.

२९ ऑगस्ट रोजी त्यांनी दुसऱ्या बाजूच्या तारेची टोके लांब नेली आणि कड्यापासून तीन फुटांवर त्या तारेखाली चुंबकाची सुई ठेवली. पहिल्या बाजूला बॅटरी जोडली. सुई हलली, डुलली आणि पुन्हा जागेवर येऊन थांबली. बॅटरी जोडलेलीच होती, वीज वाहतच होती. पण सुई स्तब्ध. बॅटरी काढली, आणि सुई पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेला.

कितीतरी संशोधक इथेच चकले होते. वाहती वीज वाहत असेपर्यंत शेजारच्या तारेत वीज मिळत राहील, असे त्यांना वाटत होते, आणि म्हणून ते सुई स्थिर झाल्यावर तिच्याकडे पाहत. फॅराडेंना दिसले की, नुसत्या असण्याने काही होत नाही, बदलण्याने होते. चुंबकत्व वाढते किंवा घटते तेव्हाच शेजारच्या तारेत वीज उठते. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी तारेच्या गुंडाळीत चुंबक आतबाहेर करून वीज मिळवली, चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून मिळवली आणि २४ नोव्हेंबरला हे सारे रॉयल सोसायटीपुढे मांडले. माझ्या लहानपणीच्या झटक्याचे कोडे इथे सुटले. बॅटरी जोडलेली असताना ट्रान्सफॉर्मर गप्प होता, कारण काही बदलत नव्हते. मी ती काढली आणि गाभ्यातले चुंबकत्व एकदम ओसरले. आपल्या घरातली वीज मात्र सेकंदाला पन्नास आवर्तने करते, क्षणभरही एकसारखी राहत नाही, म्हणून तिच्यावर ट्रान्सफॉर्मर चालतो.

फॅराडेंचे कडे हाच जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर मानला जातो. व्यवहारात वापरता येईल असा, बंद लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर पुढे १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी व देरी या तिघांनी तयार केला. गावाबाहेरच्या खांबावरचे जे रोहित्र, ज्याला आपण सारे डीपी म्हणतो, तो त्याचाच वंशज आणि मामांच्या बॉबिनवरचा लहानगाही त्याचाच.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग कॉलेज कशाला हवे? फॅराडेंच्या चरित्रातून असा अर्थ काढणे मला चुकीचे वाटते. त्यांना गणित येत नव्हते आणि ही उणीव त्यांना जन्मभर जाणवली. चुंबकाभोवतीच्या जागेत बलरेषा पसरलेल्या असतात, ही त्यांची कल्पना अनेक विद्वानांना पटली नाही, कारण ती समीकरणांत मांडलेली नव्हती. ती मांडली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, आणि ते केंब्रिजमध्ये शिकलेले होते. बुकबाइंडरने जे पाहिले, ते पदवीधराने गणितात लिहिले. दोघांपैकी एक नसता तर काम अर्धे राहिले असते.

पुढे फॅराडेंना मानसन्मान पुष्कळ मिळाले. ऑक्सफर्डने १८३२ साली सन्माननीय पदवी दिली. त्यांनी सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही दोनदा नाकारले. नाताळात मुलांसाठी होणारी व्याख्याने मात्र त्यांनी एकोणीस वर्षे दिली. एका शिलिंगाची किंमत ते विसरले नसावेत. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली, तशी त्यांनी एकेक कामे सोडली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्पटन कोर्ट येथील घरी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पहिल्या वर्षी वर्गात कोणी विचारले, की मी मामांचा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय आहे असे सांगून मोकळा होत असे. वार्निशने पिवळी झालेली बोटे वहीखाली लपवत असे. हे चरित्र वाचल्यावर त्या लपवण्याचीच मला लाज वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत दुकानात बसून मी मामांना ही सगळी गोष्ट सांगितली. ते प्रायमरी गुंडाळत होते, त्यामुळे मध्ये एक शब्दही बोलले नाहीत. आकडा चुकला तर सारे उलगडावे लागते. ११५० पुरे झाले, तार तोडली, टोक बांधले आणि मग त्यांनी विचारले, की त्या कड्याचे त्या माणसाला पैसे किती मिळाले. मी म्हणालो, त्याने त्यातून पैसा केला नाही. ते कडे लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवले आहे. मामांनी थोडा विचार केला आणि दुसरा प्रश्न विचारला: दोरा आणि कापड टिकले आहे का?

मी छायाचित्र पाहिले होते. टिकले आहे म्हणून सांगितले. मामांनी मान डोलावली आणि सेकंडरीची तार माझ्या हातात दिली.