जहाजाला पंखा देणारा शेतकरी : सर फ्रान्सिस पेटिट स्मिथ

आमच्या गोविंदपुऱ्यातील अवजड विद्युत यंत्रांच्या कारखान्यात जलविद्युत केंद्रांसाठी टर्बाइने तयार होतात. वाहते पाणी पात्यांवर आदळते आणि चक्र फिरू लागते. जहाजाच्या पंख्यात हेच कार्य उलट्या क्रमाने घडते. यंत्र पाती फिरविते, पाती पाणी मागे लोटतात व जहाज पुढे सरकते. हा पंखा रूढ व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

इंग्लंडमधील केंट परगण्यात, समुद्रकाठच्या हाइथ गावी ९ फेब्रुवारी १८०८ रोजी त्यांचा जन्म झाला. मोठेपणी त्यांनी शेती पत्करली. परंतु छोट्या बोटी बनविण्याचा बालपणीचा छंद काही सुटला नाही. त्या काळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठी चाके असत. लाटांमुळे बोट कलंडली की एक चाक खोल बुडे व दुसरे हवेत फिरे. युद्धात तर ही चाके तोफगोळ्यांचे सोपे लक्ष्य ठरत. चाकांऐवजी पाण्याखाली मळसूत्र फिरवावे, ही कल्पना पूर्वीही काहींना सुचली होती. स्मिथ यांनी ती लहानशा नमुन्यावर पडताळून ३१ मे १८३६ रोजी तिचे पेटंट घेतले. जॉन एरिक्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे पेटंट मिळविले.

पुढे सहा टनांची एक बोट त्यांनी लंडनच्या कालव्यात उतरविली. तिचे लाकडी मळसूत्र दोन पूर्ण वेढ्यांचे होते. १८३७ साली अपघात होऊन त्याचा अर्धा भाग तुटला. बोट मंदावेल असे वाटावे, तर ती अधिकच वेगाने धावू लागली! लांब मळसूत्राचा मागचा भाग पुढच्याने आधीच ढवळलेल्या पाण्यात फिरे व घर्षणात शक्ती वाया घालवी. स्मिथ यांनी हट्ट न धरता मळसूत्र आखूड केले. त्याच वर्षी ती चिमुकली बोट त्यांनी भर वादळात समुद्रावर चालवून दाखविली.

१८३८ साली 'आर्किमिडीज' ही मोठी आगबोट पाण्यात उतरली. तिची कामगिरी पाहून ब्रुनेल या थोर अभियंत्याने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' जहाजाची चाकांची योजना बदलली व पंखा स्वीकारला. ब्रिटिश आरमाराने 'रॅटलर' जहाजावर निरनिराळ्या आकारांचे पंखे लावून पाहिले. एप्रिल १८४५ मध्ये पंख्याच्या 'रॅटलर'ने चाकांच्या 'अलेक्टो'ला, तिची यंत्रे पूर्ण जोराने चालू असतानाही, उलट दिशेने ओढत नेले.

स्मिथ यांना या शोधातून संपत्ती लाभली नाही; त्यांच्या कंपनीला तोटाच झाला. १८६० साली ते लंडनमधील पेटंट संग्रहालयाचे व्यवस्थापक झाले आणि १८७१ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १२ फेब्रुवारी १८७४ रोजी त्यांचे निधन झाले.

आजही सर्व नौकांना एकच पंखा चालत नाही. शिडाच्या नौकेस पाती मिटणारा पंखा सोयीचा, कारण शिडावर चालताना तो पाण्याला फारसा अडवीत नाही. यंत्रनौकेसाठी तिचे वजन, यंत्राची शक्ती व अपेक्षित वेग पाहून पंख्याचा व्यास आणि पात्यांचा पीळ ठरवितात. मोठा तेवढा चांगला, हा नियम येथे लागू पडत नाही. विद्यार्थी मित्रहो, आपल्या कल्पनेपेक्षा प्रयोगाच्या निकालाला अधिक मान देणे, हाच या शेतकऱ्याचा खरा मोठेपणा होय, असे आम्हांस वाटते.