गॅरेट मॉर्गन : धुरात उतरलेला, पण ओळख लपवावी लागलेला माणूस

पाटसहून सोलापूरच्या दिशेने निघालं की थोड्याच अंतरावर कुरकुंभची औद्योगिक वसाहत लागते. कारखाने मुख्यतः रसायनांचे आणि औषधांचे. आपल्या वस्त्यांतली पोरं तिथे ठेकेदाराकडे कामाला लागतात, तेव्हा नाकावर बांधायला घरचा रुमाल नाहीतर कोरोनातला उरलेला कापडी मास्क नेतात. त्यांना आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या कार्यकर्त्यांना गॅरेट मॉर्गन हे नाव माहीत असायला हवं.

मॉर्गन यांचा जन्म ४ मार्च १८७७ रोजी अमेरिकेच्या केंटकी राज्यात झाला. आई-वडील गुलामगिरीतून मुक्त झालेले, ११ भावंडांत हे सातवे. शाळा प्राथमिकच्या पुढे गेली नाही. १४व्या वर्षी कामासाठी घर सोडलं आणि मजुरीतून पैसे काढून शिकवणी लावली. १८९५ मध्ये क्लीव्हलँड शहरात आले. कपड्यांच्या कारखान्यात झाडू मारता मारता शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकले आणि १९०७ मध्ये स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. केस सरळ करण्याच्या क्रीमवर त्यांनी पुढे चांगला पैसाही मिळवला.

आगीत धुराने गुदमरून मरणारे अग्निशामक जवान त्यांनी पाहिले होते. गरम धूर वर चढतो, जमिनीलगतची हवा त्या मानाने बरी राहते, एवढ्या साध्या निरीक्षणावर त्यांनी डोक्यावरून घालायची टोपी बनवली. तिची लांब नळी जमिनीपर्यंत लोंबायची आणि नळीच्या तोंडाशी ओला स्पंज असायचा. नंतरच्या टोपीला सुमारे १५ मिनिटं पुरेल एवढ्या हवेची पिशवीही जोडली. १९१४ मध्ये पेटंट मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सुरक्षाविषयक प्रदर्शनात या टोपीला सुवर्णपदक मिळालं. तेव्हा बाबासाहेब त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. (समाजमाध्यमांवर मॉर्गन यांना गॅस मास्कचे जनक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. धुरापासून वाचवणारे मुखवटे आधीही होते. आपल्या माणसाला मोठं करायला खोट्याची गरज नसते.)

माल चांगला होता, विकणारा काळा होता. म्हणून प्रात्यक्षिकात एखादा गोरा माणूस संशोधक म्हणून उभा राहायचा आणि मॉर्गन मूलनिवासी इंडियनचा वेश करून, बिग चीफ मेसन असं नाव घेऊन, धुराने भरलेल्या तंबूत शिरायचे. आडनाव लपवून खोली भाड्याने घेणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

२४ जुलै १९१६च्या रात्री ईरी सरोवराच्या तळाखाली खोदल्या जाणाऱ्या पाण्याच्या बोगद्यात वायूचा स्फोट झाला. आत कामगार अडकले. त्यांना वाचवायला योग्य साधनांशिवाय उतरलेल्यांपैकी अनेकजण तिथेच कोसळले. मग मॉर्गन यांना घरून बोलावण्यात आलं. ते आणि त्यांचा भाऊ फ्रँक टोप्या घालून उतरले. दोघांना जिवंत बाहेर काढलं, काही मृतदेह वर आणले.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा प्रकार आपल्याकडे नेहमीचा आहे. सेप्टिक टँकमध्ये एक उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी उतरवलं जातं, आणि कोणाला, हे आपल्याला ठाऊक आहे.

साधन द्या, एवढीच मागणी पुरत नाही. कोणतं साधन, हे विचारावं लागतं. मॉर्गन यांची जमिनीवरची नळी आगीत जीव वाचवत होती. गटारातला हायड्रोजन सल्फाइड मात्र हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. तिथे तीच नळी विष ओढेल. शिवाय हा वायू जास्त असला की नाक बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नव्हे. रुमाल कुठल्याच वायूला अडवत नाही. एन-९५ धूळ रोखतो, सॉल्व्हेंटची वाफ नाही. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, पण अमोनियाचं कार्ट्रिज वेगळं, आम्लाच्या वाफेचं वेगळं, आणि ते वापरून संपतं, बदलावं लागतं. दाढी वाढली की मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही. बंद टाकीत ऑक्सिजन कमी असेल किंवा आत काय आहे हेच माहीत नसेल, तर कुठलंही कार्ट्रिज निरुपयोगी. तिथे पाठीवर हवेचं सिलेंडर किंवा बाहेरून नळीने चांगली हवा हवी. म्हणून ठेकेदाराकडे मास्क मागण्याआधी रसायनाचं नाव मागा. त्याची माहिती देणारा कागद कारखान्यात असतो.

बोगद्याच्या घटनेनंतर शहराने शौर्यपदकासाठी इतरांची नावं पाठवली, मॉर्गन यांचं वगळलं. त्यांचा फोटो छापून आल्यावर दक्षिणेतल्या काही शहरांनी टोप्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्यांनी महापौरांना पत्र लिहून जाब विचारला. १९२० मध्ये काळ्या समाजासाठी वर्तमानपत्र सुरू केलं, १९२३ मध्ये वाहतूक सिग्नलचं पेटंट घेतलं, १९३१ मध्ये नगरपालिकेची निवडणूक लढवली आणि हरले. अखेरच्या २० वर्षांत काचबिंदूने दृष्टी जवळजवळ गेली होती. २७ जुलै १९६३ रोजी ते वारले.

१९९१ मध्ये क्लीव्हलँड शहराने आपल्या जलशुद्धीकरण केंद्राला त्यांचं नाव दिलं. बोगद्यातल्या त्या रात्रीला तेव्हा ७५ वर्षं झाली होती.