आधी जमीन ओळखा : सर विश्वेश्वरय्या

दरवर्षी गणेशोत्सवाच्या आगेमागे १५ सप्टेंबर येतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची जयंती आम्ही बांधकाम खात्यातली माणसे अभियंता दिन म्हणून पाळतो.

१८६१ साली मुद्देनहळ्ळीत जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र लवकर हरपले. शिकवण्या करून ते बी. ए. झाले, पुण्यात अभियंता झाले आणि १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या नोकरीत नाशिक, धुळे, पुणे येथे राबले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच.

सिंधमधील सक्करला नदीचे पाणी गढूळ आणि गाळण-टाक्यांना नगरपालिकेकडे पैसा नव्हता. त्यांनी पात्रातच विहीर घेतली. तळाची वाळूच गाळणी झाली. जमीन ओळखली म्हणून खर्च वाचला.

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर निजाम सरकारने त्यांना बोलावले. आपले औरादही तेव्हा त्याच संस्थानात होते. उस्मानसागर आणि हिमायतसागर त्यांच्याच सल्ल्याने झाले. शंभरी ओलांडून १९६२ साली ते निवर्तले.

आज पुलाआधी आम्ही हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी फिरवून खडकाचा गोल नमुना, म्हणजे कोअर, काढतो. आपल्याकडे वर काळा पाषाण लागला तरी खाली लाल मातीचा मऊ थर असू शकतो. सलग लांब तुकडे निघाले तर पाया भक्कम. चुरा आला तर आणखी खोल जायचे. तरीही काटकसरीत पहिली कात्री या बोअरलाच लागते. विश्वेश्वरय्यांनी जमीन तपासून पैसा वाचवला. आपण तपासणी टाळून वाचवू पाहतो.