अंगणातली शाळा

शाळा उघडण्याचे दिवस जवळ आले की डिचोली तालुक्यातील सर्वणसारख्या गावातही घरोघरी एकच खल सुरू होतो. तीन वर्षांच्या मुलाला वाड्यावरच्या अंगणवाडीत घालावे, की शहरातील शाळेच्या गाडीत बसवावे? ऐपत असलेला पालक बहुधा गाडीकडे वळतो. अंगणवाडी ही गरिबांची, खाऊपुरती, अशी समजूत त्यामागे असते. अशा वेळी आम्हांला ताराबाई मोडक यांच्या चरित्राचे स्मरण होते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या सुधारक वातावरणातील केळकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. अमरावतीचा संसार टिकला नाही. पण त्या खचल्या नाहीत. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी सांभाळले आणि पुढे ती मानाची नोकरी सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या रुजू झाल्या. एका उच्चविद्याविभूषित स्त्रीने चिमुरड्यांना खेळवीत बसावे, याचे त्या काळच्या समाजाला नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये त्या मुंबईस परतल्या व दादरला शिशुविहार उभा राहिला.

येथेच त्या थांबत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तूंच्या मुलांपुरते हे शिक्षण राहावे, हे त्यांना मानवले नाही. १९४५ साली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ यांची साथ त्यांना तेथेच लाभली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ घालावे, त्यांचे केस विंचरावे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ घ्यावेत, असा तो क्रम. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. त्यांची जागा शंख-शिंपले, खडे, पाने आणि बिया यांनी घेतली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून थोरलीची शाळा बुडू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी आकारास आली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

सरकारी योजनेला ताराबाईंचे अंगण लाभले. त्यांची दृष्टी सर्वत्र लाभली, असे म्हणता येणार नाही. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर नोंदवह्यांचा भार टाकावयाचा आणि हाती खेळणीही द्यावयाची नाहीत, हे चालणार नाही. सरकारने ही उणीव दूर केली पाहिजे. पण पालकांनीही आपले कर्तव्य ओळखावे. ज्या अंगणवाडीत गावातील सर्व थरांची मुले बसतात, तिच्या गळक्या छपराची वार्ता पंचायतीपर्यंत लवकर पोहोचते. जेथे केवळ दुबळ्यांची मुले उरतात, तेथे विचारणारे कोणी नसते. तीन वर्षांच्या जिवाला लांबच्या प्रवासापेक्षा ओळखीचे अंगण अधिक मानवते. सर्वणच्या आईबापांनी यंदा गाडीचा विचार करण्यापूर्वी आपल्या वाड्यावरच्या अंगणवाडीत एकदा डोकावून यावे, एवढेच आमचे मागणे आहे.