विश्लेषण : जन्म इंग्लंडमध्ये, ओव्या मराठीत, ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स कोण होते?

मोबाइलवर मराठी रोमन अक्षरांत टाइप करताना ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांचा घोळ आपण रोज करतो. समोरचा अंदाजाने वाचून घेतो. पण हाच प्रश्न सुमारे ४०० वर्षांपूर्वी एका इंग्रज पाद्रीला पडला होता आणि त्यांनी त्यावर नियमही वापरला होता. ‘ण’, ‘ळ’, ‘ठ’ अशी जीभ मागे वळवून उच्चारायची अक्षरे आली की रोमन अक्षर दोनदा लिहायचे. गोव्यात रोमी कोकणीत आजही ‘ण’साठी दोनदा एन लिहितात. (आपल्या कीबोर्डवाल्यांनी हे आधी वाचायला हवे होते.)

हे पाद्री म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. मराठी भाषा दिनाला मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या हमखास फॉरवर्ड होतात. माणूस मात्र फारसा कुणाला माहीत नसतो.

इंग्लंड का सोडले?

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. तेव्हा इंग्लंडमध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळात कॅथलिक राहणे धोक्याचे होते. मिस्सा म्हणणे हा गुन्हा होता. स्टीफन्स यांचे मित्र थॉमस पाउंड यांना श्रद्धेपायी तुरुंगात जावे लागले. स्टीफन्स मात्र निसटले, रोमला पोहोचले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. म्हणजे साडेसहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रात. या प्रवासाचे वर्णन करणारे पत्र त्यांनी वडिलांना पाठवले, ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. त्यानंतर ते मायदेशी परतले नाहीत. राजसत्तेने लादलेल्या धर्मापासून सुटून आलेला हा माणूस पुढची ४० वर्षे अशा मुलखात राहिला, जिथे राजसत्ता त्याचाच धर्म लादत होती. त्यांचे चरित्र वाचताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

साष्टीत काय घडत होते?

त्यांचे बहुतेक आयुष्य दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात गेले. तिथली देवळे १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी पाडली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून सुरू होते. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी आसोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारले. मारल्या गेलेल्या पाद्रींचे मृतदेह परत मिळवण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्याच वर्षी गोव्यात कैदेत पडलेल्या राल्फ फिच आणि इतर इंग्रज व्यापाऱ्यांना सोडवायलाही त्यांनी मदत केली. ते व्यापारी प्रॉटेस्टंट देशातून आलेले होते, हे विशेष.

पुराण का लिहिले?

नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली गेली होती. हातात उरली होती ती प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तके. ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच राशोलच्या चर्चमध्ये एक ब्राह्मण श्रोता पाद्रीला विचारतो, की ही शिकवण ठीक आहे, पण आम्हाला ऐकायला पुराण का नाही? हा प्रसंग प्रत्यक्ष घडला असो वा रचलेला असो, त्यातली अडचण खरी होती. नियम पाठ करून श्रद्धा मुरत नाही, तिला कथा लागते. परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पूर्णेहून जवळच असलेले गंगाखेड संत जनाबाईंचे गाव. इथे ओवी पारायणातून आणि जात्यावरून घरात आली, पुस्तकातून नव्हे.

स्टीफन्स यांनी तीच ओवी उचलली. १६१६ मध्ये राशोल इथे छापलेल्या त्यांच्या ग्रंथात दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासूनची कथा येते, दुसऱ्यात येशूचे जीवन. एकूण ओव्या सुमारे ११ हजार. ज्ञानेश्वरीत त्या ९ हजारांच्या आसपास आहेत. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. भाषा मराठी, पण लोकांना समजावी म्हणून तिच्यात कोकणी शब्द मिसळलेले. लोकांच्या श्रद्धेवर घाव घातलेल्या सत्तेच्या सावलीत बसून त्याच लोकांच्या वळणाने लिहिलेला हा ग्रंथ आहे. तो आवडला तरी हे विसरू नये, आणि हे आठवले म्हणून ग्रंथ कमी प्रतीचा ठरत नाही.

देवनागरीत का छापला नाही?

टाइप नव्हते. मराठीला जोडाक्षरे, काना-मात्रा धरून सुमारे ६०० साचे लागत आणि तेवढे पाडणे परवडत नव्हते. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना कळवले, की हीच संख्या २०० वर आणता येईल. आजच्या भाषेत हे फॉन्ट ऑप्टिमायझेशनच. ते काम काही झाले नाही आणि ग्रंथ रोमन लिपीत निघाला. पुढे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी टाइपात १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले.

१६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यात वारले. त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे दोन्ही मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. भारतीय भाषेचे छापले गेलेले हे पहिले व्याकरण मानले जाते. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा मोडीत काढण्याचा हुकूम काढला.

आज चर्चमध्ये काय स्थिती आहे?

कॅथलिक चर्चने लोकभाषेतल्या उपासनेला अधिकृत वाट करून दिली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ मध्ये. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. आता वसईत ती मराठीत होते. २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणले. पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. असा प्रश्न विचारणाऱ्यांना ख्रिस्तपुराणाचे नाव तरी ठाऊक होते का, कोण जाणे.

ग्रंथ कुठे वाचता येईल?

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यातली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हातांनी उतरवलेल्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीत आवृत्ती काढली. देवनागरीत वाचायचे तर शांताराम बंडेलू यांची १९५६ ची किंवा कारिदाद द्रागो यांची १९९६ ची आवृत्ती ग्रंथालयात मागावी. सुरुवात दुसऱ्या भागापासून केली तर सोपे जाते.